वाटपाचा प्राथमिक हुकूमनामा : अपील आत्ताच करावे की अंतिम हुकूमनाम्यानंतर?

जरंडेश्वर

नमस्कार मंडळी. प्रश्न आमच्या घरातला आहे, पण आपल्या सातारा-सांगलीकडे शेती असलेल्या बहुतेक घरांत तो कधी ना कधी उभा राहतो, म्हणून सविस्तर मांडतो.

कोरेगाव तालुक्यात आमची वडिलोपार्जित शेती आहे. आत्याने माझे वडील आणि चुलते यांच्याविरुद्ध वाटपाचा व स्वतंत्र ताब्याचा दावा लावला होता आणि त्याचा निकाल नुकताच लागला. तिघा भावंडांचा प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा न्यायालयाने ठरवला. त्याबद्दल वडिलांची तक्रार नाही. बहिणीचा हिस्सा द्यायचाच, असे त्यांनी कैफियतीतच, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, लिहून दिले होते. वाद आहे तो वसना नदीकडच्या एका गटाचा. ती जमीन वडिलांनी नोकरीच्या पगारातून घेतली, खरेदीखत त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, विहीर त्यांनी काढली. न्यायालयाने मात्र ती एकत्र कुटुंबाच्या उत्पन्नातून घेतली असे ठरवून वाटपात धरली. राहत्या घरापुरता दावा फेटाळला, कारण घराची वाटणी पूर्वीच झाली होती असे न्यायालयाला दिसले. मागील उत्पन्नात आत्याला वाटा मिळेल, पण रक्कम वेगळ्या चौकशीत ठरेल, असेही आदेशात आहे.

आदेशाच्या शेवटी ‘प्राथमिक हुकूमनामा तयार करण्यात यावा’ असे वाक्य आहे, म्हणजे हिस्से ठरले पण प्रत्यक्ष वाटप पुढे व्हायचे आहे, आणि घरातले मतभेद तिथून सुरू झाले. चुलते म्हणतात, ‘अजून मोजणी व्हायची आहे, जमिनीचा कस पाहून सरस-निरस वाटप व्हायचे आहे, दावा संपलेला नाही. अंतिम हुकूमनामा होऊ दे, मग सगळ्याचे एकदम अपील करू.’ वकीलसाहेब म्हणतात की अपील आत्ताच करायला हवे. निर्णय अपिलासाठी अंतिम झाला हे नेमके कशावरून ठरते? हुकूमनाम्यावर अजून सही झालेली नाही, मग मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची? आणि दावा चालू असताना कैफियत दुरुस्तीचा आमचा एक अर्ज नामंजूर झाला होता. त्याचे अपील तेव्हा केले नाही म्हणून तो मुद्दा कायमचा गेला का? जाणकारांनी कृपया सांगावे.

माणगंगा

आटपाडीत आमचाही असाच दावा आहे. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

कृष्णाकाठ

मी सांगलीत दिवाणी बाजूला वकिली करतो. तुमच्या वकिलांचे म्हणणे बरोबर आहे आणि यात थांबण्यासारखे काही नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९७ मध्ये अगदी नेमकी तरतूद आहे. प्राथमिक हुकूमनाम्याने ज्याचे नुकसान झाले त्याने त्यावर अपील केले नाही, तर पुढे अंतिम हुकूमनाम्याच्या अपिलात त्याला प्राथमिक हुकूमनामा चुकीचा होता असे म्हणता येत नाही. तुमचे चुलते सुचवतात तो मार्ग कायद्याने मुद्दाम बंद केलेला आहे. वसना नदीकडच्या गटाचा मुद्दा आज मांडला नाही, तर मोजणी झाल्यावर केलेल्या अपिलात तो ऐकून घेतला जाणार नाही.

आता अंतिम कशाला म्हणायचे ते पाहू. संहितेच्या कलम २(२) मधील हुकूमनाम्याची व्याख्या दावा संपला की नाही हे विचारत नाही. दाव्यातील वादाच्या सर्व किंवा काही बाबींपुरते पक्षकारांचे हक्क त्या न्यायालयाने कायमचे ठरवले का, हे ती विचारते. तुमच्या न्यायालयाने हिस्से ठरवले, कोणती मिळकत वाटपात येते हेही ठरवले. हे मुद्दे ते न्यायालय पुन्हा उघडणार नाही. फार तर पुनर्विलोकनात, म्हणजे त्याच न्यायालयाने आपला निकाल पुन्हा तपासताना, आणि ते क्षेत्र अतिशय अरुंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने वेंकट रेड्डी विरुद्ध पेठी रेड्डी या १९६३ च्या अहवालांत छापलेल्या निवाड्यात हेच स्पष्ट केले आहे की, प्राथमिक हुकूमनामा हा तात्पुरता हुकूमनामा नव्हे. त्यात जे ठरले तेवढ्यापुरता तो निर्णायक असतो.

राहत्या घराचा भाग तर आणखी पुढचा आहे. तेथे दावाच फेटाळला गेला, पुढे काही करायचे उरले नाही. एकच हुकूमनामा अंशतः प्राथमिक आणि अंशतः अंतिम असू शकतो, हे त्याच व्याख्येखालच्या स्पष्टीकरणात लिहिलेले आहे. तुमचा हुकूमनामा तसाच आहे.

उत्पन्नाच्या हिशेबाबाबत भेद लक्षात ठेवा. आत्याला उत्पन्नात वाटा मिळण्याचा हक्क आहे, हे आज ठरले. त्यावर हरकत असेल तर ती आजच्या अपिलात घ्यायची. किती रुपये द्यायचे, हे अजून ठरलेले नाही. त्यावरची तक्रार चौकशीनंतर.

येरळा

कृष्णाकाठ यांच्याविषयी आदर राखून मी थोडे वेगळे मत मांडतो. आमच्या खटाव तालुक्यातील दाव्यात प्राथमिक हुकूमनामा झाल्यानंतर आजी वारली आणि तिचा हिस्सा उरलेल्यांत विभागला गेला. न्यायालयाने त्याच दाव्यात हिस्से नव्याने ठरवून दिले. कोणी वरच्या न्यायालयात गेले नव्हते. फूलचंद विरुद्ध गोपाललाल या १९६७ च्या निवाड्याचा आधार आमच्या वकिलांनी दिला होता. त्यात सर्वोच्च न्यायालयाने वाटपाच्या दाव्यात एकापेक्षा अधिक प्राथमिक हुकूमनामे होऊ शकतात असे म्हटले आहे. शिवाय विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा हा ११ ऑगस्ट २०२० चा निवाडा आहेच. त्यानुसार, प्राथमिक हुकूमनामा होऊन गेला असला तरी अंतिम हुकूमनाम्याच्या कामात मुलींना सहदायाद (एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क असलेल्या वारस) म्हणून हिस्सा द्यावा लागतो. जो हुकूमनामा नंतर बदलू शकतो त्याला निर्णायक कसे म्हणायचे? आणि एकाच दाव्यात सामान्य शेतकऱ्याने दोन-दोन अपिलांचा खर्च का सोसायचा?

कृष्णाकाठ

येरळा, तुम्ही दिलेले दोन्ही निवाडे बरोबर आहेत, पण ते वेगळ्या प्रश्नाचे आहेत. तुमच्या आजीचे निधन प्राथमिक हुकूमनाम्यानंतर झाले. ती नवी घटना होती. मुलींच्या हक्काबाबतही कायद्यातील बदल आणि त्याचा सर्वोच्च न्यायालयाने लावलेला अर्थ नंतर आला. अशा नंतरच्या गोष्टींसाठी वाटपाचा दावा अंतिम हुकूमनाम्यापर्यंत उघडा असतो, कारण तोपर्यंत जमीन प्रत्यक्ष वाटली गेलेली नसते. जरंडेश्वर यांच्या वडिलांची तक्रार नंतरच्या घटनेची नाही. पुरावा समोर असताना न्यायालयाने तो चुकीचा वाचला, अशी ती तक्रार आहे. ती फक्त अपिलातच मांडता येते आणि तिची वेळ आत्ताची आहे.

खर्चाच्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी सहमत आहे. दोन टप्प्यांची ही रचना सामान्य पक्षकाराला जड जाते, यात शंका नाही.

शिरस्तेदार_वाई

न्यायालयीन सेवेतून निवृत्त झालो आहे. माझी बहुतेक वर्षे नक्कल आणि अपील विभागांत गेली, त्यामुळे मुदतीबद्दल खात्रीने सांगू शकतो.

हुकूमनाम्यावर सही कधीही होवो, त्यावर तारीख निकालाचीच पडते. आदेश २० नियम ७ मध्ये तसे स्पष्ट लिहिलेले आहे. जिल्हा न्यायालयात अपील करायचे असेल तर परिसीमा अधिनियम १९६३ च्या अनुच्छेद ११६ प्रमाणे ३० दिवस मिळतात. दाव्याचे मूल्यांकन ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल आणि अपील थेट उच्च न्यायालयात जाणार असेल, तर ९० दिवस. निकालाचा दिवस त्यात धरायचा नाही. नक्कल मिळण्यासाठी लागलेला आवश्यक काळ कलम १२ प्रमाणे वजा होतो, परंतु नक्कल अर्ज केल्यापासूनच. अर्ज करण्यापूर्वी न्यायालयाने हुकूमनामा तयार करण्यात घालवलेले दिवस वजा होत नाहीत, असे त्या कलमाच्या स्पष्टीकरणात शब्दशः आहे. ‘हुकूमनाम्यावर सही झाली की नक्कल मागू’ असे म्हणत बसलेल्या माणसाची मुदत त्याच्या नकळत संपत असते. म्हणून निकाल लागला त्याच दिवशी, न्यायालयाच्या आवारातून बाहेर पडण्यापूर्वी, निकालपत्र आणि हुकूमनामा या दोन्हींच्या नकलेचा अर्ज द्यावा.

नक्कल हातात आली की शेवटचे पान उलटून शिक्का बघा. त्यावर एकाखाली एक तारखा असतात : अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली आणि प्रत्यक्ष कधी दिली. अपील दाखल करताना तपासणारा कारकून सर्वप्रथम तोच शिक्का पाहतो आणि पेन्सिलने बाजूला दिवस मोजतो. नक्कल तयार झाल्यानंतर ती नेण्यास पक्षकाराने उशीर केला तर ते दिवस वजा होत नाहीत. लांबच्या गावचे लोक ‘पुढच्या तारखेला आलो की नेतो’ म्हणून जातात. त्यात किती अपिलांची मुदत टळली हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्याचे आजही वाईट वाटते.

हुकूमनामा निकालापासून १५ दिवसांत तयार व्हावा असा आदेश २० नियम ६-अ आहे. तो न झाल्यास केवळ निकालपत्राच्या प्रतीवर अपील दाखल करण्याची सोयही त्याच नियमात आहे. म्हणजे सही राहिली म्हणून कोणाचे अपील अडत नाही, आणि सही राहिली म्हणून कोणाची मुदतही थांबत नाही.

मेढा_जावळी

शिरस्तेदार काका, निकालपत्र ई-कोर्टच्या संकेतस्थळावर दिसते, ते छापून अपिलाला जोडले तर चालते का? आणि शेवटचा दिवस मे महिन्याच्या सुट्टीत आला तर?

शिरस्तेदार_वाई

संकेतस्थळावरील प्रत वाचण्यासाठी आणि वकिलांना दाखवण्यासाठी अवश्य वापरा. अपिलाला न्यायालयाच्या शिक्क्याची प्रमाणित नक्कलच जोडा. मुदतीचा शेवटचा दिवस न्यायालय बंद असताना आला, तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दाखल करता येते. परिसीमा अधिनियमाचे कलम ४. मात्र उघडण्याचा तो एकच दिवस असतो, दुसऱ्या दिवशी गेलात तर उशीर.

माहेरवाशीण_विटा

मी या धाग्यातल्या आत्याच्या जागी होते, म्हणून लिहिते. आमच्या दाव्यात माझा हिस्सा ठरला आणि प्राथमिक हुकूमनामा झाला. भावांना कोणीतरी सल्ला दिला की, आता काही करू नका, अंतिम हुकूमनामा झाल्यावर बघू. त्यांनी खरोखरच काही केले नाही. पुढे वाटप होऊन अंतिम हुकूमनामा झाल्यावर ते अपिलात गेले आणि माझा हिस्साच चुकीचा ठरवला आहे असे म्हणू लागले. जिल्हा न्यायालयाने कलम ९७ दाखवून तो मुद्दा ऐकण्यास नकार दिला. कागदावर मी जिंकले. पण मधली कितीतरी वर्षे हिस्सा ठरलेला असूनही एक गुंठाही माझ्या ताब्यात नव्हता आणि रक्षाबंधनाला मी माहेरी गेले नाही. भावांनी सुरुवातीलाच अपील केले असते, तर निदान काय ते लवकर कळले असते. मनातली अढी इतकी वाढली नसती असे मला अजून वाटते.

अंतिम हुकूमनाम्यासाठी स्वतंत्र अर्ज करून वाट पाहत बसावे लागते, हाही मोठा त्रास आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये केरळमधील एका वाटप प्रकरणात सांगितले की, प्राथमिक हुकूमनामा झाल्यावर न्यायालयाने स्वतःहून पुढील कामासाठी तारीख नेमावी, पक्षकाराला वेगळा अर्ज करायला लावू नये. आमच्या वेळी हे नव्हते.

जरंडेश्वर दादा, तुमच्या वडिलांनी आत्यांचा हिस्सा मान्य केला आहे हे वाचून बरे वाटले. अपील केलेत तर ते एका गटापुरतेच आहे, हे आत्यांना आधी घरी जाऊन सांगा.

बेदाणा_तासगाव

आमच्या भागात आणखी एक गैरसमज आहे, तोही येथे नोंदवतो. दाव्यात निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज असतो. द्राक्षबागेच्या बांधावरून किंवा शेततळ्याच्या पाण्यावरून दावा झाला की पहिली लढाई त्याच अर्जावर होते. तो मंजूर झाला की लोक पेढे वाटतात आणि नामंजूर झाला की दावा हरलो म्हणून गप्प बसतात. तो दाव्याचा निकाल नव्हे. तरीही त्यावर अपील चालते, कारण आदेश ४३ मध्ये अपील करता येणाऱ्या आदेशांची यादी आहे आणि मनाईचा आदेश त्यात आहे. जिल्हा न्यायालयाने त्या अपिलावर जे ठरवले त्यावर कलम १०४(२) मुळे दुसरे अपील नाही. म्हणजे दावा संपलेला नसतानाही अपील असते, हा जरंडेश्वर यांच्या चुलत्यांना देण्यासारखा आणखी एक दाखला आहे.

जतचा_माणूस

तहसीलदारांनी शेतरस्ता खुला करण्याचा आदेश दिला, तो अंतिम असतो का? विषय थोडा बाजूचा आहे, क्षमस्व.

कृष्णाकाठ

आदेश कोणत्या कायद्याखाली आहे ते आधी बघा. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली असेल तर त्यावर अपील नाही, कलम २३ खाली पुनरीक्षण (वरिष्ठांकडून आदेशाची तपासणी) आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता दिला असेल, तर एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. आदेशाच्या पहिल्या परिच्छेदात कलमाचा उल्लेख असतो.

पाटणखोरे

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, एवढेच म्हणतो.

माहेरवाशीण_विटा

पाटणखोरे, ही म्हण मला घरातल्या प्रत्येकाने ऐकवली होती. ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याला ती सोयीची आहे. ज्याला हिस्सा मिळत नाही त्याने कोठे जायचे?

उंब्रज_तारळी

आतापर्यंतच्या चर्चेत सुटलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चुलते ज्या अंतिम हुकूमनाम्याची वाट पाहत आहेत, तो शेतजमिनीच्या बाबतीत त्या रूपात कदाचित येणारच नाही.

शासनाला आकार भरणाऱ्या जमिनीचे वाटप न्यायालय स्वतः करत नाही. संहितेच्या कलम ५४ प्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांनी किंवा त्यांनी नेमलेल्या राजपत्रित अधिकाऱ्याने करायचे असते. आदेश २० नियम १८ मध्ये म्हणूनच दोन वेगळे भाग आहेत. अशा जमिनीसाठी न्यायालय हिस्से जाहीर करते आणि प्रत्यक्ष वाटप करण्याविषयी जिल्हाधिकाऱ्यांना निर्देश देते. घर, प्लॉट अशा मिळकतींसाठी मात्र कोर्ट कमिशनर नेमून, त्याचा अहवाल घेऊन, अंतिम हुकूमनामा करते. शुभकरण बुबना विरुद्ध सीताशरण बुबना या २००९ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने हे सोपे करून सांगितले आहे : महसूल आकारणीच्या जमिनीबाबत न्यायालयाने हिस्से जाहीर करणारा व जिल्हाधिकाऱ्यांना निर्देश देणारा एकच हुकूमनामा करायचा असतो.

आपल्याकडे प्रत्यक्षात काय होते ते मी आमच्याच कामात जवळून पाहिले. हुकूमनामा जिल्हाधिकारी कार्यालयात गेला, तेथून प्रांतांकडे, तेथून तहसीलदारांकडे. तहसीलदारांनी मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाला पत्र दिले. भूकरमापक आले, त्यांनी हद्दीच्या खुणा ठरवल्या, नकाशात तुकडे पाडले. त्यावर सर्व हिस्सेदारांना नोटिसा निघाल्या आणि हरकती ऐकल्या गेल्या : विहीर कोणाच्या बाजूला जाते, रस्ता कोणाच्या तुकड्यातून जातो, मुरमाड बाजू कोणाच्या वाट्याला आली. मग वाटप तक्ता कायम झाला, ताबा दिला गेला, फेरफार धरला गेला आणि सातबारा वेगळे झाले. या सगळ्या वाटचालीत ‘तो गट मुळात एकत्र कुटुंबाचा होता की नव्हता’ हा प्रश्न ऐकण्याचा अधिकार एकाही अधिकाऱ्याला नव्हता. आमच्या शेजारच्या एका हिस्सेदाराने तहसीलदारांपुढे तोच मुद्दा पोटतिडकीने मांडला. तहसीलदारांनी शांतपणे हुकूमनामा पुढे केला आणि ‘यात जे लिहिले आहे तेच मला करायचे आहे’ एवढेच सांगितले.

जरंडेश्वर, वडिलांच्या गटाचा प्रश्न आजच्या अपिलात मांडला नाही, तर चुलते म्हणतात त्या वेळी तो मांडायला तुम्हाला व्यासपीठच मिळणार नाही.

येरळा

उंब्रज_तारळी यांच्या प्रतिसादाने चित्र बरेच स्पष्ट झाले. माझा खर्चाचा आक्षेप कायम आहे, पण शेतजमिनीसाठी थांबण्यात अर्थ नाही हे पटते. मग ज्या मिळकतींत अंतिम हुकूमनामा होतो, त्यावरच्या अपिलात नेमके काय मांडता येते?

कृष्णाकाठ

वाटप कसे केले ते. कमिशनरने घराची भिंत कोठे धरली, एकाला रस्त्याकडची बाजू दिली तर दुसऱ्याला भरपाई म्हणून किती रक्कम दिली, मूल्यांकन कशाच्या आधारे केले, आदेशातील हिस्सा आणि प्रत्यक्ष दिलेला हिस्सा जुळतो का. हे सारे प्रश्न प्राथमिक हुकूमनाम्यानंतर जन्मतात, त्यामुळे त्यांचे अपीलही नंतर. आणि प्राथमिक हुकूमनामा अपिलात रद्द झाला, तर त्याच्या आधारावर दरम्यान झालेला अंतिम हुकूमनामाही टिकत नाही.

जरंडेश्वर यांचा तिसरा प्रश्न राहिला होता. कैफियत दुरुस्तीचा अर्ज नामंजूर होणे हा दाव्याच्या वाटेवरचा आदेश आहे. त्याने कोणाचाही हक्क ठरत नाही आणि आदेश ४३ च्या यादीतही तो नाही. कलम १०५(१) सांगते की, असा आदेश चुकीचा असून त्याचा निकालावर परिणाम झाला असेल, तर हुकूमनाम्याच्या अपिलात तो एक कारण म्हणून घेता येतो. सत्यध्यान घोषाल या १९६० च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच धर्तीवर निर्णय दिला. तेव्हा तुमचा मुद्दा गेलेला नाही. अपील मेमोमध्ये तो वेगळा परिच्छेद करून घ्यायला वकिलांना सांगा. मोघम उल्लेख पुरत नाही.

कवठेमहांकाळ_द

यास एक महत्त्वाचा अपवाद जोडतो. अपिलात जिल्हा न्यायालयाने प्रकरण फेरचौकशीसाठी खाली पाठवले आणि त्या आदेशावर अपील करता येत असूनही केले नाही, तर नंतर त्या आदेशाच्या योग्यतेबद्दल बोलता येत नाही. कलम १०५(२). आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने ‘प्रकरण परत तर आलेच आहे, पुन्हा लढू’ म्हणून ते सोडून दिले आणि पुढे तोच आदेश त्यांच्या आड आला.

बेदाणा_तासगाव

तडजोडीचा हुकूमनामाही या यादीत घ्या. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर कलम ९६(३) प्रमाणे अपील नाही. लोकअदालतीत मिटले तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम २१ प्रमाणे निवाडा अंतिम, त्यावर कोणत्याही न्यायालयात अपील नाही. तेथे सही करण्यापूर्वी गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा स्वतः वाचून घ्याव्यात. लोकअदालतीच्या दिवशी गर्दी असते, घाई होते, आणि चुकीचा गट नंबर पडला तर तो दुरुस्त करून घेताना फार ओढाताण होते.

मेढा_जावळी

जिल्हा न्यायालयानंतर पुढे जायचे झाले तर पूर्वीसारखे मुंबईला जावे लागेल का?

कृष्णाकाठ

नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे काम सुरू झाले आहे. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याखाली येतात. मात्र कलम १०० खालील द्वितीय अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावा लागतो. जमीन कोणाच्या पैशातून घेतली हा प्रामुख्याने पुराव्याचा प्रश्न आहे, म्हणून जरंडेश्वर यांच्या दृष्टीने जिल्हा न्यायालयातील पहिले अपील हीच खरी संधी आहे. पगाराचे दाखले, खरेदीच्या वेळचे बँकेचे उतारे, विहिरीच्या खर्चाच्या पावत्या यांतले जे दाव्याच्या नस्तीत दाखल आहे त्याचे निशाणी क्रमांक (न्यायालयाने कागदाला दिलेले क्रमांक) काढून ठेवा.

जरंडेश्वर

सर्वांचे मनापासून आभार. काल हा धागा वडील आणि चुलत्यांना बसवून वाचून दाखवला. उंब्रज_तारळी यांनी लिहिलेला तहसीलदारांचा प्रसंग ऐकल्यावर चुलते म्हणाले, ‘मग थांबून काय उपयोग?’ नकलेचा अर्ज वकिलांनी निकालाच्या दिवशीच दिला होता. शिक्क्यावरील तारखा शिरस्तेदार काकांनी सांगितल्याप्रमाणे पाहिल्या आणि आम्ही मुदतीत आहोत. अपील त्या एका गटापुरतेच करायचे ठरले आहे. माहेरवाशीणताईंचा सल्लाही पटला. वडील स्वतः आत्याकडे जाऊन आले. ती म्हणाली की त्या गटाचे जे न्यायालय ठरवेल ते मला मान्य, पण घराबद्दल माझेही म्हणणे आहे.

यावरून दोन शेवटच्या शंका. आम्ही अपील केल्यावर आत्याला घराचा मुद्दा त्यातच काढता येईल का? आणि अपील दाखल केले की बाकीच्या गटांची मोजणी थांबते का? ती थांबावी अशी आमची इच्छा नाही.

कृष्णाकाठ

आत्यांना घरापुरते स्वतंत्र अपील करता येते, कारण तो भाग त्यांच्याविरुद्ध अंतिम झालेला आहे. पण त्यांची मुदतही निकालापासूनच चालू आहे. ती टळली तरी तुमच्या अपिलाची नोटीस बजावल्यापासून एक महिन्यात आदेश ४१ नियम २२ प्रमाणे उलट आक्षेप दाखल करता येतात. हे त्यांना त्यांच्या वकिलांकडून समजून घेऊ द्या.

अपील दाखल केल्याने काहीही आपोआप थांबत नाही. आदेश ४१ नियम ५. स्थगिती मागावी लागते आणि न्यायालयाने ती द्यावी लागते. तुम्ही ती फक्त वादातल्या गटापुरती मागा आणि अर्जात तसे स्पष्ट लिहा. बाकीच्या गटांचे कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे जाण्यास हरकत नाही असे लेखी दिलेत, तर आत्यांच्या हिस्स्याची मोजणी अपिलाच्या निकालासाठी अडून राहणार नाही.